स्वस्त खोलीची चौकशी

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमाप खात्यात बत्तीस वर्षं काढली, बाजाराबाजारांतून दुकानदारांचे काटे तपासत फिरले, म्हणून लोकांनी ते नाव चिकटवलं, आणि ते असं चिकटलं की टपालवालासुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. माणूस सज्जन. कुणाच्या पैशाला हात लावला नाही, कुणाचा अर्धा कप चहा फुकट घेतला नाही. खोड एकच होती, पण ती एकटीच दहा खोडींना भारी. या माणसाचा जगात कुणावर म्हणून विश्वास नव्हता.

त्यांचा तरी काय दोष म्हणा! बत्तीस वर्षं ज्याने पोकळ वजनं पाहिली, पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं पाहिली, दोन्ही टोकांनी घासून बोटभर आखूड केलेल्या कापड मोजायच्या पट्ट्या पाहिल्या, आणि ही सगळी करामत करणारी माणसं हसतमुखाने 'या साहेब, बसा साहेब' म्हणताना पाहिली, तो गोड बोलणाऱ्याकडे सरळ नजरेने बघणार कसा? कुणी नुसतं हसलं तरी साहेबांचा हात खिशातल्या पाकिटाकडे जायचा.

त्यांची कामाची एक पद्धत होती, आणि ती या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे, म्हणून सांगतो. ते कधीच साहेब म्हणून दुकानात शिरत नसत. आधी खोटं गिऱ्हाईक होऊन जायचं. कधी टोपी घालून, कधी छत्री घेऊन, कधी खोकत खोकत. वस्तू मागायची, तोलून घ्यायची, पैसे द्यायचे, म्हणजे नमुना खरेदी पुरी झाली. तो नमुना सीलबंद करून ठेवायचा आणि मग खिशातून ओळखपत्र काढायचं. नमुना पुरा घेतल्याशिवाय पुरावा होत नाही आणि प्रकरण मिटेपर्यंत नमुन्याला हात लावायचा नाही, हे दोन नियम त्यांना झोपेतही पाठ होते. तिसरा नियम त्यांचा स्वतःचा: आपलं खरं नाव सगळ्यात शेवटी सांगायचं.

आवाज बदलण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. लेकीचं लग्न ठरत होतं तेव्हा विम्याचा एजंट बनून हे मुलाच्या घरी गेले होते, माणसं कशी आहेत ते बघायला. माणसं इतकी चांगली निघाली की मुलाच्या वडिलांनी तिथल्या तिथे विमा काढायची तयारी दाखवली, आणि साहेबांची अशी पंचाईत झाली की पुढे लग्नात व्याह्यांनी ओळखू नये म्हणून ते चष्मा काढून वावरले. सगळीकडे ठेचकाळत फिरले, पण चष्मा घातला नाही.

आता त्यांची बायको. ती शाळेच्या ग्रंथालयात होती. पुस्तकं द्यायची, घ्यायची, फाटलेली चिकटवायची. बोलणं कमी, लक्ष सगळीकडे. तिच्या मनात एकच गोष्ट पंचेचाळीस वर्षं घर करून होती. तेरा वर्षांची असताना ती शाळेच्या सहलीबरोबर राजधानीला गेली होती. वाटेत तिला ताप भरला. मास्तरणीने तिला बसच्या मागच्या बाकावर झोपवलं, आणि बाकीच्या मुली दोन दिवस राजधानी बघत हिंडल्या. बस एका आवारात उभी होती. खिडकीतून एक पिवळी भिंत दिसायची आणि त्या भिंतीवर टायरची अर्धी फाटलेली जाहिरात. तिची राजधानी ती एवढीच. आणि घरी आल्यापासून जो तो म्हणायचा, तुला काय, तू तर राजधानी बघून आलीस.

लग्न झाल्यावर तिने सहा वेळा बेत आखला होता आणि सहाही वेळा साहेबांना कुठेतरी पाणी मुरताना दिसलं होतं. एका सहलीवाल्याच्या पावतीवर पत्ता नव्हता, दुसऱ्याच्या पावतीवर दोन पत्ते होते. तिसरा फारच नम्रपणे बोलला. दर वेळी 'पुढच्या वर्षी बघू' असं ठरायचं, आणि पुढचं वर्ष हे असं की ते कधी चालू वर्ष होतच नाही.

पण या वेळी गोष्ट वेगळी होती. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पुढच्या महिन्याची पहिली. डॉक्टर सरळ माणूस. त्याने सांगितलं, दुखणं जाईल, घरातल्या घरात फिराल, पण दिवसभर पायी हिंडणं विसरा. चालायचं तेवढं आत्ता चालून घ्या. त्याच आठवड्यात शाळेने कळवलं की ग्रंथालयाला रंग द्यायचा आहे, चार दिवस बंद. घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच तिने सांगितलं, "अहो, त्या चार दिवसांत मला राजधानी बघायची आहे. आता नाही तर कधीच नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. संसाराच्या चौतीस वर्षांत तिने असा आवाज लावला नव्हता. "जाऊ," ते म्हणाले. "पण स्वस्तात."

स्वस्तातच जायचं होतं. पेन्शनीत दुसरं होतं काय? रेल्वेचं भाडं छापील, तिथे संशयाला जागाच नाही, त्यामुळे तिकिटांचं काम पाच मिनिटांत झालं. बघायच्या ठिकाणांची यादी तिने केली होती, आणि ती पाहून कुणाचाही जीव हलला असता, कारण यादीत एकही गोष्ट अशी नव्हती जिला पैसे पडतील. मोठ्या ग्रंथालयाचं घुमटाखालचं वाचन-दालन. नदीवरचा जुना पूल. जुन्या पुस्तकांची गल्ली. एक बाग. आणि बुधवारी फुकट असतं ते संग्रहालय. खाण्याचं म्हणाल तर पहिल्या दिवसाचं घरून न्यायचं, पुढे जिथे रिक्षावाले जेवतात तिथे जेवायचं. राहता राहिली खोली.

राजधानीतल्या खोल्यांचे भाव ऐकून साहेब दोनदा मटकन खाली बसले. जिथे भाव जमेल तिथे खोली चौथ्या मजल्यावर, आणि हिला तर दोन पायऱ्या चढताना भिंत धरावी लागायची. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एक नंबर दिला. त्याची बहीण तिथे राहून आली होती. पाच खोल्यांचं छोटं लॉज, तळमजल्यावर, एक बाई चालवते.

साहेबांनी फोन लावला आणि कोण, कुठले हे न सांगता नुसती चौकशी केली. पलीकडून मालकिणीने भाव सांगितला. राजधानीत तेवढ्या पैशात बऱ्या हॉटेलात दोघांचा चहा होत नाही. साहेबांनी विचारलं, आगाऊ किती पाठवायचे? ती म्हणाली, "आगाऊ कशाला? नाव सांगा, वहीत लिहून ठेवते. आलात की द्या." साहेबांनी पटकन फोन खाली ठेवला.

"आगाऊ नको म्हणते," ते बायकोला म्हणाले.

"मग बरंच झालं की."

"बरं झालं? अगं, आगाऊ पैसे न मागणारा माणूस पाहिलायस कधी? काहीतरी गडबड आहे. एक तर खोलीच नसेल. नाही तर ढेकूण असतील. नाही तर रात्री माणसं येऊन सामान नेत असतील. आजकाल मूत्रपिंडंसुद्धा काढून घेतात म्हणे."

"माझे गुडघे काढून घेतले तर बघा. ऑपरेशनचा खर्च वाचेल," बायको म्हणाली. "खोली घेऊन टाका हो."

पण साहेब आता निवृत्तीतून बाहेर आले होते. तीन वर्षांत एवढा तजेला त्यांच्या तोंडावर कुणी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि तिथल्या फोनवरून कापडाचे व्यापारी म्हणून बोलले. त्याच चार दिवसांसाठी खोली हवी, पैशाची फिकीर नाही. हेतू हा की पैसेवाला म्हटल्यावर भाव चढतो का बघावं. भाव तोच. मालकिणीने नाव लिहून घेतलं. नमुना खरेदी पुरी करायची म्हणून साहेबांनी खोली पक्की केली, आणि प्रकरण मिटेपर्यंत नमुन्याला हात लावायचा नाही म्हणून ती पक्कीच ठेवली.

मग लेकीच्या घरून ते शाळामास्तर झाले. खोलीला खिडकी आहे का, चादरी रोज बदलता का, मागच्या दाराला कडी आहे का, असे एकवीस प्रश्न विचारले. तिने एकवीस उत्तरं दिली, खोली लिहून घेतली आणि वर म्हणाली, "मास्तर, वाचायला दिवा हवा असेल तर टेबलावर ठेवीन." साहेबांनी मनात म्हटलं, ही फारच तयार दिसते.

मग औषधवाल्याच्या फोनवरून ते आजारी काका झाले. तोंडावर रुमाल धरून असे खोकले की औषधवाला बाटली घेऊन धावत आला. आजारी माणूस म्हटल्यावर कोणताही लॉजवाला काखा वर करतो, निदान दोन पैसे जास्त तरी मागतो. ही म्हणाली, "या की काका, गरम पाणी देईन." आता मात्र साहेबांना रागच आला. चौथ्या दिवशी जुन्या कचेरीत जाऊन ते कुणीतरी बडे अधिकारी झाले, खेकसले, भाव अर्धा करायला सांगितला. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, सगळ्यांना एकच भाव. ठेवू का खोली?" ठेवा, म्हणाले साहेब. नमुना तो नमुना.

"चौघांना एकच भाव," घरी येऊन ते येरझाऱ्या घालत म्हणाले. "एका पैशाचा फरक नाही. इतका सरळ काटा मी आयुष्यात पाहिला नाही."

"मग आता तरी घ्याल ना?"

"इतका सरळ असतो तोच बिघडवलेला असतो."

असे आठ दिवस गेले. बायको रोज संध्याकाळी विचारायची, खोली झाली का? ते म्हणायचे, चौकशी चालू आहे. तिने बॅग भरून दाराजवळ ठेवली होती. मंगळवारी तिने तीसुद्धा उचलली आणि पलंगाखाली सरकवली. सातव्या बेताचंही तेच होणार असं तिला वाटायला लागलं होतं. साहेबांना ते दिसलं, आणि दिसल्यावर कुठेतरी लागलंही. जायला सहा दिवस उरले होते. त्यांनी चौकशी पुरी झाल्याचं जाहीर केलं, घरच्या फोनवरून नंबर फिरवला आणि पहिल्यांदाच आपलं खरं नाव सांगून खोली मागितली.

"नाही हो," मालकीण म्हणाली. "त्या चार दिवसांत एकही खोली नाही."

फोन ठेवून साहेब वळले तेव्हा त्यांचा चेहरा स्वतःच्या लग्नात नव्हता इतका फुलला होता. "ऐकलंस? नाही म्हणते! गेले आठ दिवस खोली आहे, खोली आहे, आणि मी खरा माणूस मागायला गेलो तर नाही. आता उद्या फोन केला की म्हणेल, एक आहे पण दुप्पट पडतील. ओळखून होतो मी. वर कारणं किती! पाचव्या खोलीत म्हणे महिनाभर कुणीतरी राहतंय. बाकीच्यांत कुणी कापडवाला यायचाय, कुणी मास्तर यायचाय, कुणी आजारी काका..."

बायको कपड्यांच्या घड्या करत होती. तिचे हात थांबले. ग्रंथालयात बसून बसून तिला एक गोष्ट चांगली ठाऊक होती. परीक्षेच्या आधी एखादं पोरगं एकच पुस्तक चार मित्रांच्या नावांनी अडवून ठेवतं आणि मग स्वतःच येऊन तक्रार करतं की पुस्तक मिळत नाही. "आणि चौथा कोण?" तिने विचारलं. "कुणी मोठे साहेब का? खेकसणारे?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

तुम्ही म्हणाल, एवढा हुशार माणूस आणि एवढं साधं कळलं नाही? नाही कळलं. कारण खोटं गिऱ्हाईक हे त्यांच्या लेखी माणूसच नव्हतं. दुकानातून बाहेर पडलं, टोपी काढली, की तो माणूस संपला. संपलेली माणसं खोल्या अडवून बसतील हे त्यांच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी घडलंच नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता फोन करा आणि खरं काय ते सांगा," बायको म्हणाली.

"खरं सांगून कसं चालेल? ज्याच्या त्याच्या नावावर ज्याची त्याची खोली आहे. मी एकेक रद्द करतो. पद्धतशीर." आणि तिने तोंड उघडायच्या आत त्यांनी घसा साफ केला, नंबर लावला आणि मास्तरांच्या आवाजात सांगितलं की सुट्टी नामंजूर झाली, खोली नको.

"बरं झालं वेळेत सांगितलंत, मास्तर," मालकीण म्हणाली. तिच्या आवाजात खरंच सुटका होती. मग ती आपण होऊन बोलत राहिली. समोर रस्ता ओलांडला की मोठं हॉस्पिटल आहे. लॉज मुळात तिथल्या रोग्यांच्या माणसांसाठी, म्हणून तर भाव असा. खोल्या रिकाम्या असल्या तरच ती फिरायला येणाऱ्यांना देते, आणि एकदा शब्द दिला की मोडत नाही. या वेळी एकदम चौघे आले आणि पुढच्या आठवड्यात ज्यांची ऑपरेशनं आहेत त्यांना तिला परत पाठवावं लागलं. "कालच एक बाई येऊन गेली. मुलाचं ऑपरेशन आहे. म्हणाली, ठीक आहे, व्हरांड्यात झोपेन. आता तुमची खोली तिला देते हं."

साहेबांनी फोन ठेवला. मग त्यांनी बायकोला सगळं जसं ऐकलं तसं सांगितलं, एक शब्द न गाळता, आणि पुढे, केवळ सवयीने, म्हणाले, "अर्थात, समोर खरंच हॉस्पिटल आहे का, हे बघावं लागेल."

तिने घडी घातलेला टॉवेल बाजूला ठेवला. आरडाओरडा तिच्या स्वभावात नव्हता. तिने फोन त्यांच्या हाताखालून ओढून घेतला आणि तोच नंबर लावला.

"बाई, नमस्कार. तुमच्याकडे कापडवाल्यांची खोली आहे ना? आणि मास्तरांची होती, आणि आजारी काकांची, आणि एक साहेब आहेत त्यांची? ते चारही माझे नवरे."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे नवरा एकच आहे," ती म्हणाली. "पण त्यांना तुमच्या भावाची खात्री करून घ्यायची होती."

"चारही?" मालकिणीने विचारलं.

"चारही."

"आणि काकांचा खोकला?"

"तोही नाही."

"मी त्यांच्यासाठी जास्तीची उशी करून घेतली हो," मालकीण म्हणाली. "उंच उशी असली की खोकला कमी येतो."

हे साहेबांनाही ऐकू गेलं. ते उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर काही बघण्यासारखं नसताना बघत उभे राहिले. लाज ही गोष्ट त्यांनी आजवर इतरांच्या तोंडावरच पाहिली होती.

मालकीण म्हणाली, आता त्या तिन्ही खोल्याही हॉस्पिटलच्या माणसांना जातील, तुम्ही राग मानू नका. बायको म्हणाली, द्याच, राग कसला. मग मालकिणीने विचारलं, तुम्हाला कशासाठी यायचं होतं? आणि हिने, जी परक्या माणसाशी दोन वाक्यांवर तिसरं बोलत नाही, तिने गुडघे, पहिली तारीख, रंग लावायचे चार दिवस, वाचन-दालनाचा घुमट, सगळं सांगून टाकलं. मालकीण म्हणाली, "एकट्या याल का? माझ्या स्वतःच्या खोलीत एक खाट आहे. माझी बहीण आली की झोपते."

बायकोने खिडकीकडे पाहिलं. साहेबांची पाठ दिसत होती. "येईन," ती म्हणाली. तिने आपलं नाव सांगितलं आणि मालकिणीने ते वहीत लिहून घेतलं.

पुढचे दोन दिवस साहेबांनी जिवाचं रान केलं. दुसरी खोली शोधली, तिसरी शोधली. कुठे भाव आवाक्याबाहेर, कुठे जिने. शेवटी म्हणाले, "मी स्टेशनवरच्या बाकावर झोपेन. दिवसा तुझ्याबरोबर फिरेन. तिकीट तर काढलेलंच आहे."

"नको," ती म्हणाली.

"नको म्हणजे? एकटी जाणार तू? या असल्या शहरात?"

"अहो, तुम्ही बरोबर असलात की मी राजधानी बघणार नाही. राजधानी तपासणाऱ्या तुम्हाला बघत बसेन. चौतीस वर्षं तेच बघतेय. दुकानात गेले की तुम्हाला बघते, लग्नाला गेले की तुम्हाला बघते. लेकीच्या लग्नात तुम्ही कुणाला धडकाल या भीतीने मी तिचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नाही. कंटाळलेय मी."

"मी तुझ्या भल्यासाठीच करतो सगळं."

"माहीत आहे. म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही."

साहेब स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले, परत गेले. संध्याकाळी स्वतः स्टेशनवर जाऊन त्यांनी आपलं तिकीट रद्द केलं.

गाडी सुटायच्या दिवशी ते तिला पोचवायला गेले. बॅग पोटाशी धर, कुणी गोड बोललं तर दूर सर, वाटेत कुणाचं काही खाऊ नको, असं सांगायचं त्यांनी रस्ताभर घोकलं होतं. प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर त्यांनी तिच्या खिडकीची कडी दोनदा लावून पाहिली, बाकाखाली वाकून पाहिलं, शेजारच्या प्रवाशाकडे रोखून पाहिलं. बिचाऱ्याने आपली पिशवी मांडीवर घेतली. तिने खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या हातावर ठेवला. "येते," ती म्हणाली. घोकलेलं सगळं साहेबांच्या तोंडातच राहिलं.

पहिल्या दिवशी तिचा फोन आला, पोचले, खोली स्वच्छ आहे, समोर हॉस्पिटल आहे. हॉस्पिटल हा शब्द तिने जरा सावकाश उच्चारला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा आवाज निराळाच होता. ती वाचन-दालनात गेली होती. घुमट इतका उंच की बघता बघता मान अवघडते. ती तीन तास बसली. कुणी उठवलं नाही, कुणी विचारलं नाही.

"आत जायला तिकीट?" साहेबांनी विचारलं.

"फुकट."

"फुकट कसं काय?"

"ठेवते हं," ती म्हणाली, "दमलेय," आणि तिने ठेवला. आपण काय केलं ते साहेबांना कळलं होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी फोन आलाच नाही. पाच वाजले, सहा वाजले. साहेबांनी दोनदा औषधवाल्याकडे जाऊन वेळ विचारली, हातात घड्याळ असताना. साडेसहाला त्यांनी नंबर फिरवला. घंटा वाजत होती तेवढ्यात त्यांचा घसा आपोआप वेगळ्या आवाजाच्या तयारीला लागला. टपालवाला म्हणावं? नातेवाईक म्हणावं?

"कोण बोलतंय?" मालकिणीने विचारलं.

"मी," साहेब म्हणाले. "मी त्यांचा नवरा."

"कितवे?"

साहेबांना आयुष्यात प्रथमच कुणी चेष्टेत पकडलं होतं, आणि त्यांना रागही आला नाही. "एकुलता एक," ते म्हणाले. "ती आहे का?"

"नाही हो, अजून आल्या नाहीत. त्या मुलाच्या आईला घेऊन पुलावर गेल्यात. मुलाचं ऑपरेशन झालं काल, बरा आहे. ती माउली आठ दिवसांत हॉस्पिटल आणि ही खोली सोडून कुठे गेली नव्हती. तुमच्या बाई म्हणाल्या, चला, मी पण हळूहळू चालते, तुम्ही पण हळूहळू चाला."

"गुडघे?"

"दुखतात. रात्री शेक घेतात. पण खुशीत आहेत." मालकीण सहज बोलून गेली, तिच्या मनात काहीच नव्हतं. "काल झोपताना म्हणत होत्या, इतकं मोकळं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं."

बत्तीस वर्षं साहेबांनी कुणाचाही शब्द तपासल्याशिवाय खरा मानला नव्हता. हा मात्र ऐकताक्षणी खरा वाटला. दुसऱ्या कुणाकडे चौकशी करायची गरज नव्हती. तो खोटा ठरावा म्हणून त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं.

"आल्या की फोन करायला सांगू का?" मालकिणीने विचारलं.

"नको," साहेब म्हणाले. "मी फोन केला होता हेही सांगू नका. फिरू द्या तिला."